थ्रेडेड रॉड, ट्रॅपेझॉइडल स्क्रू की बॉल स्क्रू? निवड, जोडणी आणि बिघाड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिन्हींना आटेच असतात. मग फरक नेमका कशात?

आट्याच्या आकारात, आणि त्या आकारामुळे होणाऱ्या घर्षणात. बाजारात मीटरवर मिळणाऱ्या थ्रेडेड रॉडचा आटा ६० अंशांच्या व्ही आकाराचा असतो. तो बनवला आहे पकडून ठेवण्यासाठी. तिथे घर्षण हवेच असते, कारण त्याच्याच जोरावर नट जागेवर राहतो. ट्रॅपेझॉइडल आटा ३० अंशांचा, माथा सपाट आणि जाड. हा फिरवून काहीतरी सरकवण्यासाठी असतो : शिकंजा, जॅक, लेथची क्रॉस स्लाइड. इंची मापातला त्याचा भाऊ म्हणजे २९ अंशांचा अ‍ॅक्मे. बॉल स्क्रूमध्ये नट आणि स्क्रू एकमेकांना घासतच नाहीत. मधल्या गोल खोबणीतून कडक पोलादी छर्रे लोळतात आणि नटातल्या परतीच्या वाटेने पुन्हा मागे येतात.

याचा परिणाम कार्यक्षमतेत दिसतो. साध्या थ्रेडेड रॉडला दिलेल्या ताकदीपैकी साधारण पाचवा हिस्सा कामी येतो. ट्रॅपेझॉइडलमध्ये २० ते ५० टक्के आणि बॉल स्क्रूमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास.

खरेदीला जाण्याआधी कोणती माहिती हातात हवी?

भार किती आणि कोणत्या दिशेने, धाव किती मिमी, वेग किती, दिवसातून किती फेऱ्या आणि वीज गेल्यावर भार कुठे जाईल. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि उभ्या अक्षावर तोच सगळ्यात महाग पडतो. अचूकतेचा विचार या पाच गोष्टींनंतर करावा. ‘सी५ (अचूकतेचा एक दर्जा) हवा’ इथून सुरुवात करणाऱ्यांची गाडी हमखास चुकीच्या व्यासावर जाऊन थांबते.

थ्रेडेड रॉडवरच स्लाइड चालवली तर काय बिघडते?

हाताने कधीतरी फिरवायचे अ‍ॅडजस्टमेंट असेल तर काहीच नाही. बेल्टचा ताण, फिक्स्चरचा स्टॉपर, टेबलाची उंची यांना एम१२ चा (१२ मिमी व्यासाचा) रॉड उत्तम. मोटर लावली की मात्र अडचणी सुरू होतात. एम१२ ची पिच (शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर) १.७५ मिमी, म्हणजे मिनिटाला ६०० फेरे देऊनही वेग जेमतेम १ मीटर प्रतिमिनिट. व्ही आटा भाराखाली नटाला बाहेर फाकवतो, त्यामुळे झीज पटकन होते. शिवाय हा रॉड सरळपणाची हमी देऊन विकला जात नाही. मीटरभर रॉड सपाट सरफेस प्लेटवर लोळवला की त्याचा बाक डोळ्यांना दिसतो, आणि तोच बाक स्लाइडला प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे ढकलतो.

टांगणीसाठी किंवा टाय रॉड म्हणून थ्रेडेड रॉड किती भार घेतो?

हिशेब बाहेरच्या व्यासावर करायचा नाही, आट्याच्या ताण-क्षेत्रफळावर करायचा. एम८ साठी ते ३६.६ चौ.मिमी, एम१० साठी ५८, एम१२ साठी ८४.३, एम१६ साठी १५७ आणि एम२० साठी २४५. ग्रेड ४.६ (रॉडच्या ताकदीचा दर्जा) चा प्रूफ ताण, म्हणजे कायमचा न ताणला जाता रॉड सोसतो तो ताण, २२५ न्यूटन प्रति चौ.मिमी आहे, म्हणून एम१२ चा प्रूफ भार सुमारे १९ किलोन्यूटन येतो. स्थिर टांगणीला यावर निदान ४ ते ५ पट सुरक्षा ठेवा, म्हणजे एका रॉडवर साधारण ४०० किलोपर्यंत. टांगलेल्या भाराखालून माणसांची ये-जा असेल किंवा भार हलता असेल, तर हा हिशेब पुरत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी.

ग्रेडची खूण दिसत नसेल तर रॉड ४.६ चाच समजा. ८.८ म्हणून विकत घ्यायचा असेल तर आयएस १३६७ (भारतीय मानक) प्रमाणे टेस्ट सर्टिफिकेट मागा. टोकाला मारलेल्या रंगावर विश्वास ठेवू नका.

आटा किती खोल जायला हवा, हेही इथेच सांगून टाकू : पोलादात व्यासाएवढा, बिडात दीडपट, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये एम१० चा रॉड १० मिमीच बसवला, तर रॉड तुटायच्या आधी प्लेटचे आटे निघून येतील.

रॉड कापल्यावर नट चढत नाही. स्टेनलेसमध्ये तर नट जाम होऊन रॉडच पिळतो. उपाय?

कापायच्या आधी कापण्याच्या खुणेच्या आत एक नट चढवून ठेवा. कट-ऑफ व्हीलने कापा, कानसीने कड ४५ अंशांत मोडा आणि मग तो नट टोकावरून बाहेर काढा. तो बाहेर येताना पहिला आटा साफ करत येतो.

स्टेनलेसचे जाम होणे हा वेगळा आजार आहे. दोन्ही बाजू एकाच जातीच्या मऊ, चिवट स्टेनलेसच्या असल्या की वरचा ऑक्साइडचा थर घासून जातो आणि धातू धातूला चिकटतो. इम्पॅक्ट गनने झटपट चढवलेला नट त्यामुळेच मध्येच अडकतो. अँटी-सीझ पेस्ट लावा, पाना हळू फिरवा आणि नट गरम होऊ लागला तर थांबा. कोकणपट्टीत गंजामुळे स्टेनलेस घेणे बरोबरच आहे, फक्त पेस्टचा डबा सोबत हवा. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड रॉडला साधा नट चढत नसेल तर तो दोष नव्हे. जस्ताच्या जाड थरामुळे त्याला मोठा टॅप मारलेला नटच लागतो.

पिच आणि लीड एकच का?

एकच सुरुवात असलेल्या आट्यात एकच. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर, लीड म्हणजे एका फेऱ्यात नट किती सरकतो ते. थ्रीडी प्रिंटरमधला ८ मिमीचा स्क्रू घ्या. त्याची पिच २ मिमी, पण सुरुवाती चार, म्हणून लीड ८ मिमी. तोच व्यास, तीच पिच आणि एकच सुरुवात असलेला स्क्रूही बाजारात मिळतो, त्याचे लीड २ मिमी. दोन्ही पाकिटात सारखेच दिसतात. टोकाकडून बघा : चार सुरुवाती असतील तर आट्याची चार तोंडे मोजता येतात.

हा फरक फक्त वेगाचा नाही. ८ मिमी लीडच्या स्क्रूचा चढाचा कोन सुमारे २० अंश असतो आणि मोटरची वीज गेली की भार स्वतःच स्क्रू फिरवत खाली येतो. २ मिमी लीडला हा कोन ५ अंशांच्या थोडा वर, घर्षणकोनापेक्षा (ज्या चढावर भार स्वतःहून घसरू लागतो त्या कोनापेक्षा) कमी, म्हणून भार थांबून राहतो.

मोटर किती टॉर्कची लागेल?

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. टॉर्क (न्यूटन-मीटर) = भार (न्यूटन) × लीड (मीटर) ÷ (६.२८ × कार्यक्षमता).

१००० न्यूटन ढकलायचे आहेत आणि बॉल स्क्रू ५ मिमी लीडचा आहे : १००० × ०.००५ ÷ (६.२८ × ०.९) = सुमारे ०.८८ न्यूटन-मीटर. हेच काम ट्रॅपेझॉइडल १६×४ ने (१६ मिमी व्यास, ४ मिमी लीड) ४० टक्के कार्यक्षमतेवर केले तर १.६ लागतात, लीड कमी असूनही. यात वेग वाढवण्याचा टॉर्क आणि गाइडचे (स्लाइड ज्यावर सरकते त्या रेलचे) घर्षण धरलेले नाही. स्टेपर मोटर असेल तर कॅटलॉगमधला होल्डिंग टॉर्क (मोटर थांबलेली असतानाचा) पाहून खूश होऊ नका. मोटरचा टॉर्क वेगाबरोबर घसरतो, त्यामुळे तुमच्या कामाच्या फेऱ्यांवर तिचा आलेख काय सांगतो ते बघा आणि त्याच्या निम्म्यातच काम बसवा.

उभ्या अक्षाला बॉल स्क्रू लावला तर ब्रेक लागतोच का?

लागतोच. कमी घर्षण दोन्ही बाजूंनी काम करते. ५० किलोचा हेड ५ मिमी लीडच्या स्क्रूवर सुमारे ०.३५ न्यूटन-मीटरने मोटर उलटी फिरवत राहतो. वीज असेपर्यंत ड्राइव्ह (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक युनिट) धरून ठेवते. वीज गेली, इमर्जन्सी दाबली किंवा ड्राइव्ह ट्रिप झाली, की हेड खाली येतो. म्हणून वीज गेल्यावर आपोआप लागणारा २४ व्होल्टचा ब्रेक असलेली मोटर घ्या. काउंटरवेट किंवा गॅस स्प्रिंगने मोटरवरचा बोजा हलका होतो, पण ते ब्रेकची जागा घेत नाहीत. कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) सुटले तर मोटरचा ब्रेकही निरुपयोगी ठरतो. म्हणून ज्याच्या खाली हात जातो अशा हेडला दुरुस्तीच्या वेळी यांत्रिक खुंटी किंवा लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय कोणालाही काम करू देऊ नका.

ट्रॅपेझॉइडलचे ‘सेल्फ लॉकिंग’ही बिनशर्त नाही. कंप आणि नवे, गुळगुळीत वंगण मिळाले की कोनाच्या सीमेवरचा स्क्रू हळूहळू सरकतो.

सगळे १६०५ घेतात. आम्हीही तोच घ्यावा का?

१६०५ म्हणजे १६ मिमी व्यास, ५ मिमी लीड. स्वस्त आहे, सपोर्ट ब्लॉक सहज मिळतात, आणि मीटरभरापर्यंतच्या छोट्या राउटरला (कोरण्या-कापण्याच्या मशीनला) बहुधा पुरतो. लांबी वाढली की मात्र दोन भिंती आडव्या येतात.

पहिली भिंत वेगाची. लांब स्क्रू फिरताना दोरीउडीच्या दोरीसारखा मध्ये फुगतो. याची मर्यादा अशी काढतात : फेरे प्रतिमिनिट = गुणक × तळाचा व्यास ÷ लांबीचा वर्ग × १ कोटी (मापे मिमीमध्ये). २० टक्के सुरक्षा धरून गुणक असे : एक टोक पक्के आणि दुसरे पूर्ण मोकळे असल्यास ३.४, दोन्हीकडे साधा आधार असल्यास ९.७, एक पक्के आणि एक आधारावर असल्यास १५.१, दोन्ही पक्की असल्यास २१.९. १६०५ चा तळाचा व्यास सुमारे १३ मिमी धरू. एक टोक पक्के, दुसरे आधारावर आणि मधले अंतर १००० मिमी असेल तर सुमारे १९६० फेरे मिळतात, म्हणजे जवळपास १० मीटर प्रतिमिनिट. तेच अंतर १५०० झाले की ८७० फेरे आणि ४.४ मीटर. लांबी दीडपट, वेग निम्म्याहून कमी.

इथे अनेक जण मोठी मोटर लावतात. त्याने फक्त आवाज आणि कंप वाढतो. उपाय म्हणजे लीड १० करणे (त्याच फेऱ्यांत ८.७ मीटर), व्यास २० किंवा २५ करणे, किंवा स्क्रू स्थिर ठेवून नट फिरवणे. दीड मीटरच्या पुढे हलक्या कामाला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) अधिक शहाणपणाचे ठरते.

दुसरी भिंत दाबाची. बारीक लांब स्क्रूवर टोकाकडून दाब आला तर तो वाकतो. वरच्याच मांडणीत, दुप्पट सुरक्षा धरून, १३ मिमी तळाच्या स्क्रूला १००० मिमीवर सुमारे २९०० न्यूटन झेपतात, १५०० वर १३०० च्या आसपास. जमत असेल तर मोठा भार ओढणीत येईल असे पक्के टोक निवडा. ओढणीत स्क्रू वाकत नाही.

बॉल स्क्रू किती दिवस टिकेल, हे आधी सांगता येते का?

बऱ्यापैकी. कॅटलॉगमधला डायनॅमिक भार भागिले तुमचा सरासरी भार, त्याचा घन, गुणिले १० लाख फेरे. इतक्या फेऱ्यांपर्यंत १०० पैकी ९० स्क्रू टिकतात असा त्याचा अर्थ. डायनॅमिक भार १० किलोन्यूटन आणि कामाचा भार २ असेल, तर ५ चा घन १२५, म्हणजे साडेबारा कोटी फेरे. ५ मिमी लीडने ते ६२५ किलोमीटर होतात. आकडा मोठा वाटतो. पण ३०० मिमी धावेच्या मशीनने मिनिटाला ४ वेळा जा-ये केली आणि दोन शिफ्ट चालली, तर रोजचे २.३ किलोमीटर होतात आणि हिशेब २७० दिवसांत संपतो. भार निम्मा केला तर आयुष्य आठपट. म्हणून उत्पादनाच्या मशीनला एक माप मोठा स्क्रू घेणे हा खर्च नव्हे. धक्के बसत असतील तर भाराला १.५ ने गुणून मगच हिशेब करा.

हे सगळे स्वच्छ, वंगण असलेल्या आणि सरळ बसवलेल्या स्क्रूसाठी. नटावर आडवा भार आला तर वरचा एकही आकडा लागू राहत नाही.

सी७ घ्यावा की सी५?

३०० मिमीच्या अंतरात चालीतली चूक सी१० ला ०.२१ मिमी, सी७ ला ०.०५ आणि सी५ ला आयएसओ मानकात ०.०२३, तर जपानी मानकात ०.०१८. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, प्लाझ्मा कटिंग आणि बहुतेक फिक्स्चरांना सी७ पुरतो. धातूचे मिलिंग, जिथे भोकांची अंतरे मोजली जातात, तिथे सी५ विचारात घ्यावा.

पण आधी एक तुलना करा. पोलाद मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढते. मशीन सकाळी सुरू झाले आणि दुपारपर्यंत स्क्रू १० अंशांनी तापला, तर मीटरभरात ०.१२ मिमी वाढ झाली. याचा बंदोबस्त न करता सी५ वर पैसे घालणे म्हणजे गळक्या टाकीला महागडा नळ बसवणे. तेच पैसे चांगल्या सपोर्ट बेअरिंगवर, कपलिंगवर आणि सपाट मशीन केलेल्या बेडवर घातले तर जॉबवर लगेच दिसतात.

बॅकलॅश (दिशा बदलताना येणारी ढिलाई) ०.१५ मिमी येतोय. नट बदलावा का?

इतक्यात नाही. मोजलेली ढिलाई चार ठिकाणांहून येऊ शकते : कपलिंग, पक्क्या बाजूचे बेअरिंग, नटाचे हाउसिंग आणि सगळ्यात शेवटी नट. शोधण्याचा क्रम असा.

स्क्रूच्या टोकाच्या सेंटर भोकात थोड्या ग्रीसने एक पोलादी छर्रा चिकटवा आणि त्यावर डायल गेजचे सपाट टोक टेकवा. मोटर लॉक ठेवून स्लाइड हाताने पुढे-मागे जोरात ढकला. डायल हलला तर स्क्रूच सरकतोय, म्हणजे दोष पक्क्या बाजूच्या बेअरिंगात किंवा त्याच्या सैल लॉकनटात. हा प्रकार सर्वाधिक आढळतो. डायल स्थिर असेल तर तो नटाच्या फ्लँजवर लावा आणि स्लाइड ढकला. फ्लँज न हलता स्लाइड हलली तर हाउसिंगचे बोल्ट सैल आहेत. फ्लँज हलतो पण स्क्रूचे टोक हलत नाही, आणि मोटरचा शाफ्ट व स्क्रू यांवर मारलेल्या रेघाही एकमेकींपासून सरकत नाहीत, तेव्हाच नटाला दोष द्या. रेघा सरकल्या तर कपलिंग घसरतेय. ग्रब स्क्रूचे कपलिंग असेल तर ते काढून क्लॅम्पचे लावा.

नटच ढिला निघाला तर थोडे मोठे छर्रे भरून किंवा डबल नट लावून प्रीलोड (ढिलाई घालवणारा आधीच दिलेला दाब) देता येतो. प्रीलोड डायनॅमिक भाराच्या १० टक्क्यांपुढे नेऊ नका. जास्त प्रीलोड म्हणजे जास्त उष्णता आणि कमी आयुष्य. कंट्रोलरमधले बॅकलॅश कॉम्पेन्सेशन बिंदूवर जाऊन भोक पाडण्यापुरते चालते. वर्तुळ कापताना कटरचा जोर स्लाइडला त्या ढिलाईत ढकलतो आणि दर पाव वर्तुळाला, दिशा बदलते तिथे, पायरी दिसतेच.

टोके कुठे आणि कशी मशीन करावीत?

१६०५ ला बहुधा बीके१२ आणि बीएफ१२ ब्लॉक लागतात. बीके म्हणजे पक्की बाजू, आत प्रीलोड दिलेली अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी, मोटरकडे. इथे १२ मिमीची बैठक, एम१२×१ चा आटा आणि कपलिंगला १० मिमी. बीएफ म्हणजे सरकती बाजू, १० मिमीची बैठक आणि सर्क्लिप. स्क्रू गरम होऊन वाढतो तेव्हा बेअरिंगला इथे सरकायला जागा हवी. दोन्हीकडे बीके लावून टाकले तर ती वाढ बेअरिंगवर येते.

स्क्रूचा पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापाने) कडक असतो. एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) पट्टी लगेच जळते. कार्बाइडने, कमी खोलीचा कट घेत, आणि खोबणीमुळे तुटक कट बसतो हे लक्षात ठेवून टर्निंग करा. टर्नरला नुसता ड्रॉइंग देऊ नका, बैठक स्क्रूच्या बाह्य व्यासाशी समकेंद्री हवी हे लिहून द्या आणि परत आल्यावर व्ही-ब्लॉकवर रनआउट (फिरताना होणारी डगमग) पाहा. १३ च्या तळावर १२ ची बैठक म्हणजे टेकायला खांदा जेमतेम अर्धा मिमी. ब्लॉकसोबत येणारी कॉलर म्हणूनच फेकायची नसते.

लांबी मागवताना धाव, नटाची लांबी आणि दोन्हीकडे १५-२० मिमी मोकळीक धरा. ६०० मिमी धाव आणि ४५ मिमीचा नट असेल तर आट्याचा भाग ६८५ मिमी, टोके वेगळी.

बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

आधी गाइड. एक रेल पक्की करा, दुसरी डायलने तिच्याशी समांतर करा. मग बीके ब्लॉक बसवा आणि स्क्रूचा अक्ष रेलशी वरून आणि बाजूने, दोन्ही पातळ्यांत जुळवा. पूर्ण लांबीत ०.०२ मिमीच्या आत आणण्याचा प्रयत्न करा. उंची कमी पडली तर शिम (पातळ पत्रा) घाला, बोल्ट ओढून स्क्रू वाकवू नका. नटाचे हाउसिंग स्लाइडला सैल ठेवा, स्लाइड बीकेजवळ आणा आणि तिथे हाउसिंगचे बोल्ट ओढा. आता स्लाइड बीएफकडे न्या, बीएफ स्वतःहून बसेल तिथे बसू द्या आणि मग ओढा. शेवटी मोटर न जोडता स्क्रू हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवा. एका टोकाला जड आणि मध्ये हलका लागत असेल तर त्या टोकाचा ब्लॉक उंचीला किंवा बाजूला चुकला आहे. ते सुधारल्याशिवाय मोटर जोडू नका, कारण मोटर ते जडपण लपवते आणि नट काही महिन्यांत खडखडू लागतो.

नट स्क्रूवरून निघाला आणि छर्रे सांडले. आता?

सगळे गोळा करा, मोजा, रॉकेलने धुवा. तळाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक नळी नटात घाला, प्रत्येक वळणात ग्रीस लावून चिमट्याने छर्रे बसवा. वळण गच्च भरू नका, एखाद्या छर्‍याची जागा मोकळी राहिली पाहिजे. नळी स्क्रूच्या टोकाला सरळ टेकवून नट हलक्या हाताने फिरवत चढवा. जोर लागला तर परत घ्या. एखादा छर्रा हरवला तर दुकानातून कुठलाही ३.१७५ मिमीचा आणून त्यात मिसळू नका. काही मायक्रॉन मोठा असलेला एकटा छर्रा सगळा भार आपल्यावर घेतो. पूर्ण संच बदला.

वंगण कोणते आणि किती दिवसांनी?

सामान्य वेगाला लिथियम साबणाचे, एनएलजीआय २ दर्जाचे (घट्टपणाचे माप) ग्रीस. ग्रॅफाइटचे ग्रीस टाळा, त्याने छर्रे लोळण्याऐवजी घसरू लागतात. दर महिन्याला बोट फिरवून बघा : ग्रीस काळे, किरकिरीत झाले असेल तर ते पुसून नवे भरा, जुन्यावर थापू नका. बिडाचा चुरा आणि लाकडाचा बारीक भुसा हे सर्वांत वाईट. एक वंगणाला अपघर्षक बनवतो, दुसरा ते शोषून घेतो. तिथे वायपर पुरत नाही, बेलोजच (स्क्रू झाकणारे घड्यांचे आवरण) लावा.

धाव नटाच्या लांबीपेक्षाही कमी असेल तर छर्रे त्याच जागी पुढे-मागे होतात आणि ग्रीसचा थर तुटतो. दर काही तासांनी एकदा पूर्ण लांबीची फेरी प्रोग्रॅममध्ये घाला.

भंगारातून आणलेल्या, खूण नसलेल्या स्क्रूचे माप कसे ओळखावे?

एका आट्यावर मोजू नका. व्हर्नियरने सलग १० आट्यांचे अंतर घ्या आणि १० ने भागा. ५.०० आले तर मेट्रिक, ५.०८ आले तर इंचाला ५ आटे. फरक क्षुल्लक वाटतो, पण ३०० मिमीत ६० फेरे होतात आणि चूक ४.८ मिमीवर जाते. जुन्या लेथचा लीड स्क्रू बऱ्याचदा इंचाला ४ आट्यांचा, म्हणजे ६.३५ मिमीचा असतो. मग टोकाकडून सुरुवाती मोजा, आटा डावा की उजवा ते बघा आणि मधल्या भागातली झीज टोकाजवळच्या न वापरलेल्या आट्याशी ताडून पाहा. बॉल स्क्रू असेल तर खोबणीवरून नख फिरवा. नख अडले तर तिथे खड्डे पडले आहेत आणि तो स्क्रू घेऊ नका.